पाहुणे वाढले, पण गोठा टिकला का?



"दादा, शेतीत काय राहिलं नाही, कृषी पर्यटन काढू का?" असे मेसेज हल्ली आठवड्याला दोन-तीन तरी येतात. 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं तेव्हापासून जरा जास्तच. काढू नका असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण त्याआधी रोमानियातल्या एका गावाची गोष्ट समजून घ्या. गावाचं नाव विस्क्री. या गावाबद्दल बरंच वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि माझं एक मत पक्कं झालं. ते आज मांडतो.

ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे रोमानियाचा डोंगराळ मधला भाग. बाराव्या शतकात हंगेरीच्या राजानं सरहद्द राखायला आणि जमीन कसायला जर्मन भाषिक लोक इथं आणून वसवले. त्यांना सॅक्सन म्हणतात. त्यांच्या गावांची मांडणी शेतकऱ्यानं बघण्यासारखी आहे. रस्त्याच्या दोन्ही कडेला घरं, त्यांची अरुंद बाजू रस्त्याला, शेजारी मोठा दरवाजा. आत लांबट अंगण, अंगणाच्या टोकाला आडवं मोठं कोठार, त्यात खाली जनावरं आणि वर वैरण. कोठाराच्या मागं फळबाग आणि परसबाग. घर, गोठा, वैरण आणि बाग एका रेषेत. गावाच्या मध्ये तटबंदीचं चर्च. हल्ला झाला की सगळं गाव आत. प्रेजमेर गावच्या तटात तर कुटुंबांसाठी सुमारे 270 खोल्या आहेत, धान्याची बेगमी तिथंच ठेवायची. विस्क्रीसह अशी सात गावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. विस्क्रीचं नाव 1999 साली लागलं.

त्यांच्याकडं शेजारमंडळ नावाची एक रीत होती. गल्लीतल्या प्रत्येक घरानं एकमेकांच्या घरबांधणीला, मयतीला, विहीर उपसायला जायचंच. आपल्याकडची सावड आणि इर्जिक आठवते ना? तसंच, फक्त नियम लिहून ठेवलेले.

मग हे लोक गेले कुठं? दुसऱ्या महायुद्धाआधी सॅक्सन लोक दोन लाखांच्या वर होते. 1945 च्या जानेवारीत धडधाकट माणसं सोव्हिएत रशियात सक्तीच्या कामाला नेली. पुढं कम्युनिस्ट सरकार पश्चिम जर्मनीकडून माणशी पैसे घेऊन त्यांना देश सोडू द्यायचं. 1989 ला राजवट पडली आणि 1990 मध्ये गावंच्या गावं रिकामी झाली. आज विस्क्रीत सॅक्सन माणसं अगदी मोजकी उरलीत. बाकी रोमानियन आणि रोमा कुटुंबं.

इथून पुढचा भाग पर्यटनवाले हौसेनं सांगतात, आणि तो खराही आहे. मिहाई एमिनेस्कू ट्रस्ट नावाच्या संस्थेनं, गावच्याच सॅक्सन बाई कॅरोलिन फर्नोलेंड यांच्या पुढाकारानं, पडकी घरं जुन्या पद्धतीनं दुरुस्त केली. सिमेंट नाही, चुना. पत्रा नाही, भाजकी कौलं. त्यासाठी गावाजवळच वीट-कौलाची भट्टी लावली. गावातलेच लोक, त्यात रोमा बरेच, गवंडीकाम शिकले. लोहार पुन्हा कामाला लागला. बायका लोकरीचे मोजे विणून जर्मनीला पाठवू लागल्या. सांडपाणी लव्हाळ्यांच्या वाफ्यातून गाळून सोडायची सोय झाली. 2006 साली इंग्लंडच्या चार्ल्सनं, म्हणजे आजच्या राजानं, इथं घर घेतलं आणि विस्क्री जगभर माहीत झालं.

यातून शिकण्यासारखी पहिली गोष्ट: पैसा आधी हातातल्या कसबावर लावला, खोल्यांवर नंतर. विटा, कौलं, चुना बाहेरून आणला असता तर निम्मा पैसा गावाबाहेरच गेला असता. हे मला शंभर टक्के पटतं.

आता माझं खरं म्हणणं. विस्क्रीला जाऊन आलेला माणूस चर्चइतकीच कशाची आठवण सांगतो? संध्याकाळी रानातून कळप गावात येतो, आणि एकेक गाय आपापल्या दारात वळते, त्याची. पाहुणे रस्त्याच्या कडेला मोबाईल काढून उभे असतात. हा देखावा कुणी पाहुण्यांसाठी बसवलेला नाही. गावानं मिळून ठरवलेला गुराखी, माणशी नाही तर जनावरामागं त्याला मोबदला, सामायिक कुरण, घरोघरी दोन-चार दुभती. ही व्यवस्था चालू आहे म्हणून तो देखावा आहे.

कुरणाचंही तेच. कृषी सहायक आणि विद्यार्थी मित्रांनी हे नीट बघावं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात ट्रान्सिल्व्हेनियातल्याच क्लूज शहराजवळच्या गवताळ जमिनीची नोंद आहे: 10 चौरस मीटरमध्ये 98 जातींच्या वनस्पती. त्या आकाराच्या तुकड्यासाठी हा तेव्हा जगातला विक्रम होता. एवढं वैविध्य येतं कुठून? रासायनिक खत नाही. गवत फुलून बी पडल्यावर उशिरा कापणी. कापलेलं गवत रानाबाहेर नेलं की जमिनीतलं नत्र कमी राहतं, त्यामुळं दोन-चार दांडगी गवतं बाकीच्यांना दाबत नाहीत, बारीक फुलझाडांना जागा मिळते. युरिया टाका, चार वर्षांत फुलं गायब. कापणी बंद करा, काटेरी झुडपं घुसतात आणि मागून जंगल येतं. गाय नाही तर वैरणीची गरज नाही, वैरण नको तर कापणी नाही, आणि कापणी नाही तर पाहुण्याला दाखवायची फुलांची टेकडीही नाही. साखळी एवढी साधी आहे.

आणि ही साखळी तुटायला लागलीय. 2007 ला रोमानिया युरोपियन युनियनमध्ये गेला. दुधाच्या स्वच्छतेचे नियम आले, दोन गाईवाल्याचं दूध डेअरीला नकोसं झालं. गाईंच्या जागी मोठाले मेंढ्यांचे कळप आले. मेंढी खालपर्यंत खुडते, त्यात फुलझाडं आधी जातात. देशात शेतकरी खाती 2010 च्या गणनेत सुमारे 39 लाख होती, 2020 मध्ये सुमारे 29 लाख. दहा वर्षांत जवळपास दहा लाख कमी! त्याच काळात विस्क्रीत घरांच्या किमती चढल्या, गाड्या वाढल्या, खोल्या वाढल्या.

म्हणून माझं मत: पर्यटनानं विस्क्रीच्या भिंती वाचवल्या, पण गोठा आपोआप वाचत नाही. खोलीचं भाडं खोलीवाल्याला जातं. टेकडी हिरवी ठेवणाऱ्या गाईवाल्याला त्यातून मिळतं फक्त दुधाचं बिल, तेही डेअरी देईल ते. ज्याच्या कष्टावर धंदा उभा आहे तोच हिशोबात नाही.

यावर तिथं उपायही झालेत. शेजारच्या साशिझमधून काम करणाऱ्या अॅडेप्ट संस्थेनं दूध संकलन केंद्रं सुधारून दिली, म्हणजे छोट्याचं दूध परत घेतलं जाऊ लागलं. उशिरा, खताविना कापणी करणाऱ्याला युरोपियन युनियनकडून हेक्टरी अनुदान आहे, हातानं कापणाऱ्याला जास्त. मला हा रस्ता खोल्या बांधण्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आमच्या भागात दोन वर्षांत पाच-सहा फार्म स्टे उभे राहिले. तिथं एक गाय फोटोपुरती बांधलेली, दूध पिशवीतलं, भाकरीचं पीठ शहरातून. मी स्वतः चार गाई सांभाळतो, त्यामुळं हे बघून आत कुठंतरी टोचतं. पाहुणा येडा नसतो मंडळी, त्याला दुसऱ्या खेपेला कळतं.

कृषी पर्यटन काढणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, दूध, भाजी, धान्य आपल्याच गावातून, डेअरी आणि बाजारापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घ्या. दोन, प्रत्येक पाहुण्यामागं ठरलेली रक्कम गावच्या सामायिक कामाला काढा: गुराखी, गायरान, पाणवठा. तीन, बांधकाम गावच्या गवंड्याकडून, गावच्या मालात.

हे परवडत नसेल तर सरळ लॉज काढा, काही हरकत नाही. फक्त त्याला शेती म्हणू नका.

तुमच्या गावात गुराखी अजून आहे का? गायरान किती उरलंय? कमेंटमध्ये लिहा, आकड्यासकट लिहा.