डोळे मिटून उभं राहताना

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोलीत गणपतीच्या आरतीला आपली खानदेशी मंडळी दाटीवाटीने उभी राहतात. त्या वेळी माझी नजर म्हाताऱ्यांच्या पायांकडे जाते. हात जोडून डोळे मिटले की शरीर घोट्यातून पुढे जातं, मागे येतं, पायाची बोटं जमीन धरू पाहतात. एखादे आबा चटकन डोळे उघडून शेजाऱ्याचा खांदा धरतात.

डॉक्टरही तोल तपासतात तो असाच. पाय जुळवून उभं करतात आणि डोळे मिटायला सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या रोमबर्ग या जर्मन डॉक्टरचं नाव या तपासणीला आहे. खरं तर अगदी स्थिर कुणीच उभं नसतं, तरुणही किंचित डोलतोच. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांकडून येणाऱ्या खबरीवर मेंदू त्याला क्षणोक्षणी सावरत असतो. वय वाढलं की तिन्हीकडची खबर मंदावते, पोटऱ्या-मांड्यांतलं बळ ओसरतं, सावरायला उशीर होतो. त्यात मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील, तर बराचसा भार डोळ्यांवर येतो. मग रात्री अंधारात मोरीकडे जाताना किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर माणूस पडतो. जगभरात पडून दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचं.

अशा वेळी आपण काय करतो? ‘बसा आबा’ म्हणून खुर्ची पुढे सरकवतो. त्यात माया असते, पण मला त्या खुर्चीची भीती वाटते. बसून बसून पाय आणखी खचतात. तोल सरावाने सुधारतो, म्हातारपणीसुद्धा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, जवळ कुणीतरी हवं, एवढंच. चक्कर येत असेल, वारंवार पडणं होत असेल, तर मात्र आधी डॉक्टर. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो.

आणि इकडच्या घरांतले ते अरुंद, उभे लोखंडी जिने! कठडा असलाच तर एका बाजूला. चढताना आधाराला असतो, उतरताना नेमका दुसऱ्या हाताला. दुसरा कठडा बसवून घ्या. वेल्डरला बोलवाल तेव्हा वडिलांना जिन्यात उभं करा आणि त्यांचा हात जिथे सहज पोहोचेल तिथलीच उंची घ्या.