मोटारीचा वैद्य कोणता?

घरांत मोटार आली म्हणजे तिच्याबरोबर एक वादही घरांत येतो. पुण्यास नोकरीवर असलेले चिरंजीव म्हणतात कीं, गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांतच गेली पाहिजे. वडील मंडळी म्हणतात कीं, वर्षानुवर्षें ओळखीचा मिस्त्री गांवांत असतांना त्या चकचकीत इमारतीचें भाडें आपण कां भरावें? दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरें बोलत असल्यामुळें वाद मिटत नाहीं. जेऊरसारख्या गांवीं तर तो केवळ पैशाचा राहत नाहीं. येथून सोलापूर शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. रेल्वे आहे, पण ती तिच्या वेळेला. अपरात्रीं घरांतील वृद्धास मोठ्या इस्पितळांत न्यावें लागलें तर दारची गाडीच कामीं येते. ती त्या वेळीं सुरू झाली पाहिजे आणि तिचे ब्रेकही लागले पाहिजेत.

पूर्वी हा वाद फारसा नव्हता, कारण यंत्र साधें होतें. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी गाडी नाक्यावरचा मिस्त्री सहज उघडून पुनः जोडीत असे. आजच्या गाडींत इंधन किती व केव्हां सोडावयाचें हें इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरविते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.–६ मानकांमुळें धुरावरही सेन्सरांचा कडक पहारा बसला आहे. असे पुष्कळसे दोष आतां स्कॅनर जोडूनच वाचावे लागतात. ज्याच्यापाशीं तें साधन व तें वाचण्याचें ज्ञान नाहीं, तो कितीही सज्जन असला तरी अंदाजानें एकामागून एक भाग बदलीत बसतो, आणि त्या अंदाजाची किंमत आपण देतों.

याचा अर्थ कंपनीचें सर्व्हिस सेंटर सर्वज्ञ व निर्लोभ असतें, असा मात्र नव्हे. तेथें आपणांशीं बोलणारा एक, गाडीला हात लावणारा दुसरा, आणि गाडी तर आपल्या दृष्टीआड. आमच्या शेजारच्या एका कुटुंबास अशाच एका ठिकाणीं पुढच्या चाकाच्या खडखडाटासाठीं सबंध जोडणी बदलण्याचा हजारों रुपयांचा खर्च सांगण्यांत आला. गांवच्या मिस्त्रीनें गाडी जॅकवर उचलली, झिजलेला रबरी बुश त्यांना दाखविला, तेवढाच बदलला आणि आवाज थांबला. एका उदाहरणावरून सर्वांस दोष देणें न्याय्य नाहीं. परंतु त्या मिस्त्रीनें दोष आधीं दाखविला व पैसे मागाहून मागितले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ग्राहकास दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी असावी, हें तत्त्व सरकारदरबारींही मांडलें गेलें आहे. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें स्वतंत्र मिस्त्रींस मिळूं न देणें हा मुख्य आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करूं नये. बाहेरच्या सदोष कामामुळें जेवढें नुकसान झालें असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेंही आयोगानें सांगितलें. या निर्णयावर पुढें अपिलें झालीं. पुढें २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काविषयीं एक पोर्टल उघडलें; त्यांत मोटारींचाही समावेश आहे. तरीही आपल्या गाडीची वॉरंटी-पुस्तिका वाचल्यावांचून बाहेर काम करूं नये, कारण तंटा उद्भवला म्हणजे प्रथम तीच पुढें केली जाते.

माझ्या मतें निवड दुकानाची न करतां कामाची करावी. वॉरंटीची मुदत असेपर्यंत नियमित सर्व्हिस कंपनीकडे करावी. एअरबॅग, ए.बी.एस. व सॉफ्टवेअर यांचें काम मुदतीनंतरही तेथेंच द्यावें. कारखान्यांतील दोषामुळें कंपनीनें गाडी परत बोलाविली असेल, तर ती दुरुस्ती तिच्याकडून विनामूल्य करून घ्यावी. अपघातानंतर विम्याचा दावा करावयाचा असेल, तर दुरुस्तीपूर्वींच विमा कंपनीस कळवावें. मुदत संपल्यावर मात्र ऑईल, फिल्टर, बॅटरी, ब्रेक-पॅड, क्लच, सस्पेन्शन यांसारखीं झिजेचीं कामें जाणत्या मिस्त्रीकडे देण्यास हरकत नसावी.

मिस्त्री जाणता आहे हें कसें ओळखावें? येथें स्थालीपुलाकन्याय उपयोगीं पडतो. एक शीत चेपून जसा सबंध भाताचा अदमास घेतात, तसें प्रथम एखादें लहान काम द्यावें. तो काम धरण्यापूर्वीं खर्च सांगतो काय, नव्या भागाचें खोकें व काढलेला जुना भाग दाखवितो काय, पावती देतो काय, आणि विशेष म्हणजे, जें येत नाहीं तें येत नाहीं असें म्हणतो काय, एवढें पाहावें. 'हें माझें काम नव्हे, सोलापुरास न्या,' असें सांगणारा मिस्त्री त्या दिवसाची मजुरी गमावतो, पण त्या घराचा कायमचा विश्वास मिळवितो. हीच कसोटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरासही लावावी. तेथेंही जुना भाग मागण्यांत संकोच कसला?

एकत्र कुटुंबांत गाडी चालविणारे चार, आणि दुरुस्तीची आठवण कोणालाच नाहीं, असें बहुधा होतें. म्हणून गाडींत एक लहानशी वही ठेवावी व तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च हीं ज्यानें काम करविलें त्यानेंच तींत लिहावीं. सूनबाईंनीं गाडी नेली असेल तर त्यांनींही लिहावें. वर्षाअखेरीस ती वही सर्वांनीं मिळून वाचली म्हणजे कोणतें काम कोठें टिकलें आणि कोठें पुनः करावें लागलें, हें चिरंजीवांस व वडिलांस एकाच पानावर दिसेल.