स्वप्नराज्याच्या काचेच्या भिंती

निर्दोष समाजाचे स्वप्न माणूस फार प्राचीन काळापासून पाहत आला आहे. त्या स्वप्नाला युरोपात नाव मिळाले ते थॉमस मोर यांच्या १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यूटोपिया’ या लॅटिन ग्रंथामुळे. या शब्दाचा अर्थच मुळी ‘कोठेही नसलेले स्थान’ असा आहे. मोर यांच्या बेटावर खासगी मालमत्ता नाही, दिवसाकाठी केवळ सहा तासांचे श्रम आहेत, उपाशी कोणीही नाही. परंतु तेथे गुलाम आहेत आणि परगावी जायचे तर अधिकाऱ्यांचा परवाना लागतो! सुखाच्या आराखड्यातच बेडीची पहिली कडी होती, हे विसरता येत नाही.

चार शतकांनंतर रशियात ती कडी ओळखली येवगेनी झाम्यातिन यांनी. हा लेखक क्रांतीचा शत्रू नव्हता. झारच्या राजवटीत बोल्शेविक म्हणून त्याने तुरुंगवास भोगला होता. १९२०-२१मध्ये त्याने ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातील नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची, दिनक्रम शासनाने आखलेला. अखेरीस शस्त्रक्रियेने माणसाची कल्पनाशक्तीच काढून टाकली जाते. मग नायकाला दुःख उरत नाही. प्रेयसीचा छळही तो निर्विकारपणे पाहतो.

ही कादंबरी प्रथम १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये, इंग्रजी अनुवादाच्या रूपात प्रकाशित झाली. मायदेशी लेखकाच्या वाट्याला बंदी आणि बहिष्कार आला. १९३१ साली थेट स्टॅलिनला पत्र लिहून त्याने देश सोडण्याची अनुमती मागितली. ती मिळाली, पण १९३७ साली पॅरिसमध्ये विपन्नावस्थेतच त्याचा अंत झाला. सोविएत वाचकांच्या हाती हे पुस्तक पडायला १९८८ साल उजाडावे लागले. दरम्यान जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली त्याचे परीक्षण लिहिले आणि १९४९ साली त्यांची स्वतःची ‘१९८४’ प्रसिद्ध झाली.

या साहित्याचा इशारा केवळ एका राजवटीपुरता नाही. समाज घडविण्याचे व्रत घेतलेल्या प्रत्येकाने तो स्वतःला लावून पाहावा. ध्येय कितीही उदात्त असो, त्यात ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला जागा आहे काय? ती नसेल, तर स्वप्नराज्याचे बंदिशाळेत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. आणि तेथील कैदी स्वतःला सुखी समजत असतील, तर ती शोकांतिका अधिकच भीषण होय.