पंपाची तपासणी तोंडाने नको, बोटाने नको

कोकणात भाजी उतरवून परत येणारी पिकअप करूळ घाटाच्या चढावर दम टाकते. ॲक्सिलेटर दाबला तरी गाडी ओढत नाही, धक्के खाते आणि शेवटी बंद पडते. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायला लागते. चालक खाली उतरतो, फिल्टरकडे येणारी नळी सोडतो आणि डिझेल येते का हे पाहायला ती तोंडात धरून ओढतो. डिझेल येते, पण थेट घशात. ठसका लागतो. दोन-चार वेळा थुंकून, चूळ भरून तो पुन्हा कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी ताप, छातीतले दुखणे आणि धाप घेऊन तो आमच्या सरकारी रुग्णालयात येतो. "साहेब, काल घाटात भिजलो, थंडी बाधली बघा," असे सांगतो. डिझेलची गोष्ट आम्ही खोदून विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

असे रुग्ण रोज येत नाहीत. पण माझ्या नोकरीच्या वर्षांत पुन्हा पुन्हा आले आहेत. त्यांच्याबरोबर आणखी एक प्रकार येतो, गॅरेजमधल्या मेस्त्रींचा आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांचा. बोटाला टाचणी टोचल्याएवढे भोक, रक्त जवळजवळ नाही, दुखणेही फारसे नाही. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा फसवा आहे. दोन्हींचे मूळ एकच: 'पंप गेलाय का' हे तपासताना आपण आपले शरीर हत्यारासारखे वापरतो.

आधी तोंडाचे पाहू. डिझेल पोटात गेले की विषबाधा होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरा धोका पोटापेक्षा फुप्फुसांना असतो. डिझेल पातळ असते आणि ओलसर पृष्ठभागावर झपाट्याने पसरते. ठसका लागताना त्यातले थोडेसे जरी श्वासनलिकेत उतरले, तरी ते फुप्फुसांच्या बारीक फुग्यांपर्यंत पोहोचते. त्या फुग्यांना उघडे ठेवणारे जे नैसर्गिक अस्तर असते, ते बिघडते आणि आत सूज येते. हा न्यूमोनिया जंतूंमुळे नव्हे, तर रसायनामुळे होतो. पहिल्या काही तासांत काढलेला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. म्हणून 'फोटो चांगला आलाय' एवढ्यावर घरी जाऊ नये.

अशा वेळी घरचे लोक हमखास मिठाचे पाणी पाजून उलटी करायला लावतात, नाहीतर दूध देतात. दोन्ही करू नका. उलटी होताना पोटातले डिझेल पुन्हा घशाशी येते आणि श्वासनलिकेत जाण्याची दुसरी संधी त्याला मिळते. तोंड पाण्याने धुवावे, डिझेलने भिजलेले कपडे काढावेत, विडी-सिगारेट पेटवू नये आणि खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर लगेच रुग्णालय गाठावे. काही त्रास नसला तरी निदान सहा तास कोणाच्या तरी नजरेखाली राहावे.

आता बोटाचे. आपल्या शिवाजी उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी कारागिरीची जी परंपरा रुजवली, तिचा कोल्हापूरला रास्त अभिमान आहे. इंजिनाच्या आवाजावरून दुखणे सांगणारे मेस्त्री आजही आपल्याकडे आहेत. पण त्यांच्यातल्या अनेकांचे हात घडले ते जुन्या पंपांवर. जर्मनीत बॉश कंपनीने १९२७ साली डिझेलच्या इंजेक्शन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि पुढे कित्येक दशके त्याच घराण्यातले पंप चालले. आपल्याकडे त्यांना 'मायकोचा पंप' म्हणत. त्या गाड्यांत नोझल साधारण २०० बार दाबाला उघडत असे. आजच्या कॉमन रेल गाड्यांत हा दाब १६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. तुलनेसाठी सांगतो, मोटारीच्या चाकातली हवा दोन-अडीच बारची असते आणि माणसाची अखंड कातडी भेदायला सुमारे ७ बार पुरतात. म्हणजे जुना पंपही निरुपद्रवी नव्हताच. पण चालू इंजिनावर पाइपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहण्याची किंवा गळती बोटाने चाचपण्याची जुनी सवय नव्या गाडीवर बोट घालवू शकते.

ही इजा वैद्यकशास्त्राला नवी नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रीस या डॉक्टरांनी १९३७ साली तिची नोंद केली, आणि ती डिझेल इंजिनाच्या तेलाचीच होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा ४३५ रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या वाट्याला बोट किंवा हाताचा भाग कापणे आले. भोक टाचणीएवढे असते. पण डिझेल शिरांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरते, आतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मांस मरू लागते. काही तासांत बोट सुजते, पांढरे पडते, ठणका असह्य होतो. तोवर बराच उशीर झालेला असतो.

इथे आम्हा डॉक्टरांचाही दोष सांगायला हवा. निवासी डॉक्टर असताना अशा एका पोराला मी धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन, पट्टी बांधून घरी पाठवले होते. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा बोट काळे पडत होते. ते वाचले नाही. भोकाच्या आकारावरून मी इजेचा आकार ठरवला होता. 'कशाने लागले' हा एकच प्रश्न नीट विचारला असता तर शल्यचिकित्सकांना त्याच रात्री बोलावले असते. म्हणून मेस्त्रींना माझे सांगणे आहे: दवाखान्यात गेल्यावर 'काहीतरी टोचलं' असे म्हणू नका, 'दाबाखालचं डिझेल बोटात शिरलंय' असे स्पष्ट सांगा. बोट पिळू नका, शेकू नका, हात उंच धरा आणि शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून काही खाऊ नका.

मग पंप तपासायचा कसा? जसा आम्ही रुग्ण तपासावा अशी अपेक्षा असते तसा: साध्याकडून अवघडाकडे. टाकीत डिझेल आहे का, फिल्टरमध्ये पाणी साचले आहे का, फिल्टर चोक झाला आहे का, नळीत एअर धरली आहे का, हे आधी पाहावे. आपल्या पावसाळ्यात पाण्याची शंका नेहमीच घ्यावी. एअर काढायला बहुतेक गाड्यांत फिल्टरजवळ हाताचा प्रायमर असतो. नसेल तर हाताने दाबायचा रबरी पंप बाजारात काही शे रुपयांत मिळतो. पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. तोंडाची गरजच उरत नाही.

मग सायलेन्सरकडे पाहावे, पण गाडी उघड्यावर ठेवून. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले आहे. स्टार्टर मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, जळत नाही एवढेच. धूरच नसेल तर डिझेल आत जात नसावे. कॉमन रेल गाडीत पुढचे काम स्कॅनरचे: स्टार्टर मारताना रेलचा दाब किती चढतो ते तो दाखवतो. दाब चढत नसला तरी लगेच पंपाला दोषी धरू नये. एखादा इंजेक्टर आतून गळत असेल तर तो सगळा दाब परतीच्या नळीत सोडून देतो. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीचे डिझेल वेगवेगळ्या बाटलीत धरून मोजले की चोर सापडतो. दाब सांभाळणारा व्हॉल्व्हही तपासावा. फिल्टरमध्ये धातूची चमकी सापडली तर मात्र पंप आतून झिजल्याची दाट शंका घ्यावी. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि जोडणी उघडण्याआधी इंजिन बंद करून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

"साहेब, वीस वर्षं असंच करतोय, काय झालं नाही," हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. त्या वीस वर्षांत गाडी बदलली. सवय तीच राहिली. खर्चाची अडचणही मी समजू शकतो, पण पुठ्ठा फुकट मिळतो आणि स्कॅनर प्रत्येकाकडे नसला तरी पंप-नोझलच्या दुकानात असतो. शिवाय नीट निदान केल्याने चांगला पंप उगाच उतरवण्याचा मोठा खर्च वाचतो, तो मालकाचाच.

म्हणून पिकअपच्या मालकांनी टूलबॉक्समध्ये जॅकशेजारी एक हातपंप ठेवावा. गॅरेजच्या मालकांनी भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली दोन ओळी लिहाव्यात: नळी तोंडात नाही, बोट गळतीवर नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवावे, आणि अपघात विभागातल्या आमच्या तरुण डॉक्टरांनाही. पंप बदलून मिळतो, पैसे जातात पण गाडी पुन्हा घाट चढते. मेस्त्रीच्या उजव्या हाताच्या बोटाला मात्र सुटा भाग मिळत नाही, आणि त्या बोटावरच त्याचे घर चालते.