आजीच्या हातातली माळ

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिले नव्हते. आज रागात लिहितोय, तेव्हा शब्द जरा तिखट होतील. नातेवाईक मंडळींनी फोन करून खुशाल भांडावे, पण आधी पूर्ण वाचावे.

मागच्या महिन्यात आजी गेली. तिने सांगून ठेवल्याप्रमाणे तिच्या बोटांत जपमाळ गुंडाळली होती. एक मावसभाऊ आला. तो हल्ली दुसऱ्या पंथाच्या सभेला जातो. पेटीजवळ उभा राहून म्हणाला, "तेवढी माळ काढा बरं. मूर्तिपूजाच हाय ती." आईने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि विषय तिथेच संपला. माळ राहिली. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेले नाही.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. तर ऐक.

त्या माळेत आहे काय? दहा-दहा मण्यांची पाच दशके. प्रत्येक दशकाआधी प्रभूने शिकवलेली प्रार्थना, जी तूही म्हणतोस. 'नमो मरिया'चा पहिला भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला, देवदूताचा आणि अलीशिबेचा. पुढे मरियेकडे मागणे एकच, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर. आजी आजारी होती तेव्हा तूच तुझ्या सभेत तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले होतेस ना? तुझ्या सभेतल्या माणसाला सांगितलेले चालते, आणि ख्रिस्ताच्या आईला सांगितले की मूर्तिपूजा? का, तर ती मेलेली आहे म्हणून? अरे, जे ख्रिस्तात गेले ते देवापाशी जिवंत आहेत, हाच तर आपल्या दोघांचा विश्वास!

आणि मूर्तीचे म्हणशील, तर आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान, आणि तो मान ज्याची प्रतिमा त्याला पोचतो, हे इ.स. ७८७ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने स्पष्ट केले आहे. तुझ्या बैठकीत मावशीचा फोटो आहे, त्याला हार आहे. तू फोटोची पूजा करतोस असे मी म्हणालो का कधी?

गंमत म्हणजे परभणीत शेजाऱ्यांना हे कधी समजावावे लागले नाही. तुराबुल हक बाबांच्या उरुसाला जाणारा आमच्या गल्लीतला माणूस आला, माळेकडे बघून हात जोडून गेला. समजावावे लागते ते बायबल वाचणाऱ्या भावाला.

शेजाऱ्यांचे प्रश्न वेगळे. "तुमचं बरंय, पाप करा, फादरला सांगा, मोकळे!" मोकळे? पापनिवेदनाला खरा पश्चात्ताप लागतो, पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो, आणि चोरलेले असेल तर परत करावे लागते. हे नसेल तर फादरसमोर गुडघे टेकणे म्हणजे व्यायाम. शेजाऱ्याचा बांध कोरून तो बांध तसाच ठेवणाऱ्याला कसली क्षमा?

दुसरा प्रश्न, "तुमचा धर्म इंग्रजांचा ना?" फादर स्टीफन्स इंग्रज होते खरे, पण त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिले ते मराठीत, ओवीत, आणि ते छापले गेले १६१६ साली. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून (१९६२-६५) मिस्साही लॅटिन सोडून लोकभाषेत आली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका धर्मगुरूला ते पद कसे, म्हणून विरोध झाला तोही आपल्या मराठवाड्यातल्याच संमेलनाच्या वेळी. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा माणूस आणखी किती मराठी हवा होता?

असो. इथपर्यंत दुसऱ्यांना बोललो. आता घरच्यांची पाळी.

मिस्साला भाकर ख्रिस्ताचे शरीर होते असे आपण मानतो. प्रतीक नव्हे, खरेखुरे शरीर. एकाच वेदीवरून सगळे घेतो, 'आमेन' म्हणतो. आणि घरी येऊन सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय विचारतो? "ते मूळचे कोण?" बाप्तिस्म्याच्या पाण्याने मूळ पाप धुतले जाते असे शिकवतो, आणि मूळ जात मात्र कोरडी ठेवतो! सरकारने १९५० च्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले, त्यावर आपण मोर्चे काढतो. काढायलाच हवेत. पण सरकारला जाब विचारणाऱ्या तोंडाने सोयरिकीत जात विचारायची नसते.

खरी मूर्तिपूजा असेल तर ती इथे आहे. दादा, माळ काढायला निघाला होतास ना? ही काढ. मी येतो बरोबर. तुझ्या पंथातही हाच प्रश्न विचारतात, मागच्या वर्षीच्या लग्नात मी माझ्या कानांनी ऐकलाय.

आजीला वाचता येत नव्हते. पण माझी सोयरीक ठरताना कुणीतरी तोच प्रश्न काढला, तेव्हा ती म्हणाली, "पोरगी मिस्साला येते ना? मग पुरे." तिची माळ तिच्याबरोबर मातीत गेली. हे वाक्य तेवढे जाऊ देऊ नका.