लेखी संमतीवाचून

आमच्या एडवणमध्ये ज्या घरात टीव्हीपेक्षा स्टॅबिलायझरची बडदास्त अधिक, ते घर प्रतिष्ठित समजलं जातं. टीव्हीवर बोटभर धूळ चालते, पण त्या डब्यावर क्रोशाचं झाकण हवंच. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडते. संध्याकाळी वाड्यांतल्या मोटरी सुरू झाल्या की तो ‘टक्, टक्’ करू लागतो. इतरत्र शंकेची पाल चुकचुकते. इथे डबा चुकचुकला की सगळ्यांच्या शंका फिटतात. “बघा, काम करतोय!” असं पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं जातं.

माझ्या मते तो डबा म्हणजे आपल्या शरणागतीचा दाखला आहे, आणि दाखल्याची फीसुद्धा आपणच भरली आहे.

मी बँकेत कारकून. समजा, उद्या कुणी २३० रुपयांचा चेक घेऊन काउंटरवर आला आणि मी त्याच्या हातावर १७० टेकवले. वर म्हटलं, “काका, किनाऱ्यावर असंच असतं हो, खारी हवा आहे. बाजारातून एक डबा आणा, त्यात हे १७० टाका, पलीकडून २३० निघतील.” काका माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. मॅनेजरच्या केबिनमध्ये जातील. पण हेच काका २३० व्होल्टच्या जागी १७० आले की निमूटपणे सफाळ्याला जाऊन डबा घेऊन येतात. येताना तो मांडीवर धरून बसतात, नातवाला धरावं तसे.

यावर आमच्या शेजारच्या नानांचा एक बिनतोड मुद्दा असतो. “अरे, पण मीटर तेवढंच फिरतं ना? कमी आली, कमी बिल!” साध्या पिवळ्या बल्बपुरतं हे खरं आहे. पण पाण्याची मोटर असा हिशेब मानत नाही. दाब उतरला की तेवढंच पाणी ओढायला ती जास्त अँपिअर खाते, तापते आणि एक दिवस जळका वास सोडते. ते बिल मीटरवर दिसत नाही. ते रिवाइंडिंगवाला हातानं लिहून देतो.

बाहेरगावच्या पाहुण्यांना हे पटवणं फार कठीण. कारण एडवणहून किनाऱ्यानं केळवे, माहीम, सातपाटी करीत उत्तरेला गेलं की तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे १९६९ साली सुरू झालं. पुढे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या. पाहुणे म्हणतात, “तुमची काय बुवा मजा, वीज तुमच्या परसात!” आता वीज म्हणजे काही शेवग्याच्या शेंगा नव्हेत, शेजाऱ्यानं कुंपणावरून चार दिल्या असं व्हायला. ती उंच मनोऱ्यांवरून ग्रिडमध्ये जाते आणि आपल्यापर्यंत येते ती उपकेंद्र, लांबलचक लाईन, डीपी आणि बारीक तार असा प्रवास करून. अडचण असते ती या शेवटच्या टप्प्यात. विजेचा तुटवडा वेगळा आणि दाबाचा तुटवडा वेगळा. आणखी दहा केंद्रं बांधली तरी डीपी तीच आणि तार तीच असेल, तर तारेच्या टोकाच्या घरातली ट्यूब सात वाजता डोळे मिचकावतच राहणार.

डब्यावर माझा जन्मजात राग आहे असं नाही. १९८७ साली दर रविवारी ‘रामायण’ लागायचं, तेव्हाचे ते काचेच्या नळीचे टीव्ही व्होल्टेज उतरलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसून टाकत. गणपतीत भाड्यानं आणलेला व्हीसीआर ऐन मारामारीत बंद पडे. त्या काळात डब्यानं इमानानं नोकरी केली. पण आजच्या टीव्हीची पाठ कुणी वाचली आहे का? बहुतेकांवर स्वच्छ छापलेलं असतं: १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे १७० वर टीव्ही सुखानं चालतो; टक्टक् करतो तो डबा, आणि त्या प्रत्येक टक्क्याला निमिषभर धक्का बसून कधी कधी सेट-टॉप बॉक्स पुन्हा श्रीगणेशा करतो.

पण दुकानदाराकडे औषध एकच. सर्दी असो, पाय मोडलेला असो, चूर्ण तेच. पडद्यावर चित्राचे चौकोन चौकोन पडतात? स्टॅबिलायझर घ्या. खरं तर तो बहुतेक वेळा गच्चीवरच्या छत्रीच्या जोडाला चढलेला गंज असतो. खाऱ्या वाऱ्याचं काम, व्होल्टेजचा काही संबंध नाही.

याच गंजाचा एक भाऊ मात्र फार वाईट. तो खांबावरच्या न्यूट्रलच्या जोडात बसतो. त्याची ओळख सांगून ठेवतो, कारण ही कुठल्याच डब्यावर छापलेली नसते. संध्याकाळी लोड वाढला आणि आपले दिवे मंद झाले, तर ती नेहमीची रड. पण शेजारी काही सुरू झालं आणि आपले दिवे एकाएकी उजळले, तर खूश होऊ नका. न्यूट्रल सैल झाली असावी. ती पुरती सुटली तर २३० च्या जागी दाब ४०० च्या दिशेनं चढू शकतो, आणि मग टीव्ही, फ्रिज आणि क्रोशाच्या झाकणासकट तो डबा, सगळे एकाच तिकिटावर जातात. अशा वेळी मेन स्विच बंद करायचा आणि १९१२ ला फोन लावायचा. पूजा नंतर.

आता डब्याचं खरं पाप. तो १७० चे २३० करतो म्हणजे नोटा छापत नाही. व्होल्ट वाढवायला तो तारेतून अँपिअर जास्त ओढतो. टीव्हीचा डबा ओढून ओढून किती ओढणार! पण फ्रिजचा, एसीचा डबा चांगलाच घास घेतो. तार आधीच बारीक, तिच्यात प्रवाह वाढला की पुढच्या घराचा दाब आणखी उतरतो. मग पुढचा माणूस त्याहून मोठा डबा आणतो. असं करत करत तारेच्या टोकाशी एक म्हातारी एकटी राहते. तिच्याकडे डबा नाही. तिची ट्यूब पेटत नाही, पंखा हवा घालण्याऐवजी नुसता विचार करतो. तिच्या वाटचे व्होल्ट आमच्या दिवाणखान्यांतून झाकणाखाली बसलेले असतात.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांत ५४ वा नियम होता. ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून किंवा सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून पुरवठादारानं घरगुती दाबात सहा टक्क्यांहून जास्त फरक पडू देऊ नये. राज्य वीज नियामक आयोगाच्या पुढच्या नियमांतही सहा टक्क्यांची ही रेघ आली. २३० चे सहा टक्के म्हणजे १३.८, म्हणजे खाली २१६ आणि वर २४४ च्या आत गोष्ट राहायला हवी. १७० ला संमती कुणी दिली? मी गावात विचारून पाहिलं. सही केल्याचं कुणालाच आठवत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: डब्याचे पैसे देण्याआधी वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावायला सांगा. आधी मीटरपाशी, मग टीव्हीच्या प्लगपाशी. मीटरपाशी २२५ आणि प्लगपाशी १९० असेल तर कंपनीला शिव्या देऊ नका, घरातलं वायरिंग आजोबांच्या काळातलं आहे. मीटरपाशीच १८० असेल तर वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहा. पंधरा दिवसांचं हे पासबुक तयार झालं की लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे, हे वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस सांगतो आहे. तिथे दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्यानं ग्राहक तक्रार निवारण मंच दिला आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. आणि अर्ज एकट्याचा नको. डीपी सगळ्यांची, तर सह्याही सगळ्यांच्या.

असा अर्ज मी तयार केला आहे. अकरा सह्या झाल्या. म्हातारीनं तर सगळ्यांत आधी केली. बारावीसाठी नानांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“ते लेखी संमतीचं म्हणालास ना तू,” नाना हळूच म्हणाले, “मी यावर सही केली आणि त्यांनी तीच संमती म्हणून फाईलला लावली तर?”

मी फायलींमध्येच पोट भरलेला माणूस. मला ताबडतोब ‘नाही’ म्हणता येईना.