मीटर आधी लॅम्बडावर लावा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गॅरेजवाल्या मित्रांना आणि आपली गाडी आपणच ट्यून करायला निघालेल्या तरुणांना एक कळकळीची विनंती आहे. वाइडबँड सेन्सरचा मीटर हाती आला की आधी त्याची सेटिंग उघडा, ‘एएफआर’ (हवा-इंधनाचं प्रमाण) काढा आणि ‘लॅम्बडा’ लावा. जेट, स्क्रू, मॅपिंग यांना हात नंतर.

टाकीत काय भरलंय हे या सेन्सरला कळत नाही. तो फक्त बेंड पाइपमधल्या धुरात किती ऑक्सिजन उरला किंवा किती कमी पडला एवढंच मोजतो. हवा आणि इंधनाचा मेळ पुरता जमला की लॅम्बडा १. त्याच्या खाली गेला तर गाडी रिच, वर गेला तर लीन. मीटर मग या लॅम्बडाला एका ठरलेल्या आकड्याने गुणून एएफआर दाखवतो. बहुतेक मीटरमध्ये हा आकडा आधीपासून १४.७ भरलेला असतो, कारण एक किलो निव्वळ पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला ९ किलो हवा पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, म्हणजे ई-२० ला, साधारण १३.५ किलो. ज्वारीचं पीठ आणि बाजरीचं पीठ वेगवेगळं पाणी पितं, पण पीठ भाकरीला आलं की नाही ते हाताला बरोबर कळतं. लॅम्बडा म्हणजे तो हात.

आता नेमकी चूक कुठे होते ते पाहा. ‘ई-२० ला १३.५ लागतं’ असं कुठेतरी ऐकायला मिळतं. मिस्त्री मीटरवर १३.५ येईपर्यंत इंधन वाढवत जातो. पण मीटर गुणतोय १४.७ ने. म्हणजे खरा लॅम्बडा ०.९२ वर आला आणि गाडी नाहक रिच झाली. गिऱ्हाइकाच्या शंभर रुपयांतले सुमारे आठ रुपये हवेला गरज नसताना सायलेन्सरमधून गेले. तो बिचारा ॲव्हरेज पडलं म्हणून इथेनॉलला दोष देतो. उलटी चूक याहून वाईट. मीटरची सेटिंग १३.५ ची आणि मिस्त्री जुन्या सवयीने १४.७ गाठायला जातो. तिथे लॅम्बडा होतो १.०९. सपाट रस्त्यावर गाडी चालेलही, पण चंदनापुरी घाटात किंवा करंजी घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन ती चढवा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची परीक्षाच असते.

लॅम्बडावर वाचलं की हा हिशेबच उरत नाही. रमतगमत चालताना १ च्या आसपास, थ्रॉटल पूर्ण उघडून ओढताना ०.८५ ते ०.९०. पेट्रोल असो, ई-१० असो, ई-२० असो, सुरुवातीला धरायचे आकडे हेच.

इथेनॉलमुळे ॲव्हरेज अजिबात पडत नाही असं मी म्हणणार नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के फटका बसेल असं नमूद आहे. तेवढं नुकसान इंधनाचं. त्याहून जास्त पडत असेल तर दोष गाडीत किंवा ट्युनिंगमध्ये शोधा.

आकडा वाचण्याआधी सेन्सरवर विश्वास ठेवण्याजोगी स्थिती आहे का, हे बघायला मात्र वेळ द्या. माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. बेंड पाइपच्या गॅस्केटमधून जराशी गळती असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर लीन दाखवतो. प्लग मिस करत असेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि मीटर पुन्हा लीनच दाखवतो. तिथे इंधन वाढवलं तर दुखणं आणखी वाढतं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मोटारसायकलींत एक गोष्ट हमखास विसरली जाते. धूर कमी करण्यासाठी एक नळी एअर फिल्टरकडून ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये सोडते. ती चालू असताना घेतलेलं वाचन कवडीमोलाचं. तेवढ्यापुरती ती बंद करा, काम झालं की आठवणीने पुन्हा जोडा. आखूड सायलेन्सरच्या एक सिलिंडर गाडीत आयडलवरचा आकडाही फार मनावर घेऊ नका.

सेन्सर कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) अलीकडे बसवा आणि पाइपच्या वरच्या अंगाला थोडा तिरका ठेवा, म्हणजे पाणी त्यात साचणार नाही. त्याच्या आतला हीटर ७०० अंशांच्या वर तापतो. त्यावर थंड पाण्याचा थेंब पडला तर आतलं सिरॅमिक तडकतं. वायर काढून सेन्सर नुसताच पाइपात ठेवूनही गाडी फिरवू नका, काजळीने तो मरतो. काम झालं की काढा आणि भोकाला बूच लावा. मीटरमध्ये सोय असेल तर मोकळ्या हवेत धरून अधूनमधून तपासत जा. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, तो कुठे बदलत नाही.

प्लगचा रंग बघून ट्युनिंग करणाऱ्या जुन्या मिस्त्रींविषयी मला आदरच आहे. पण इथेनॉल काजळी कमी धरतं. त्यामुळे प्लग फिका दिसला म्हणून लगेच जेट वाढवू नका, आधी मीटर बघा.

बीएस-६ गाडी असेल तर तिचा ईसीयू क्रूझमध्ये स्वतःच लॅम्बडा १ धरून ठेवतो. ई-१० वरून ई-२० वर आल्यावर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम चार-पाच टक्के वाढलेला दिसला तर घाबरू नका, तो त्याचं काम करतोय. तिथे मॅप बदलून वॉरंटी घालवू नका. खरी गरज आहे ती २०२० च्या आधीच्या कार्बोरेटरच्या दुचाकींना. आपल्या खेड्यापाड्यांत दूध, भाजी आणि शाळेची पोरं अजूनही त्यांच्यावरच चालतात. त्यांचा जेट स्वतःहून वाढत नाही. एक नंबर मोठा जेट टाकून लोडवर लॅम्बडा पाहा, आणि पेट्रोलची रबरी नळी व फ्लोटच्या भांड्याचं गॅस्केटही तपासा.

हे सगळं आपल्याला इतरांच्या आधी यायला हवं. देशात इथेनॉल मिश्रणाचा पहिला प्रयोग २००१ साली झाला तो मिरजेत, बरेलीत आणि आपल्या शेजारच्या मनमाडला. प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत कारखान्यांशेजारी डिस्टिलऱ्या उभ्या आहेत, आपलाच ऊस त्यांत जातो. वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई नगर शहरालगतच आहे. म्हणून जिल्ह्यातल्या आयटीआयच्या शिक्षकांना विनंती आहे की मोटर मेकॅनिकच्या पोरांना निदान एक दिवस चालू इंजिनावर लॅम्बडा वाचायला शिकवा. आणि गॅरेजवाल्यांनो, मीटर महाग वाटत असेल तर एका रस्त्यावरचे तिघे-चौघे मिळून एक घ्या. गिऱ्हाइकाच्या बिलावर जेटचा नंबर आणि लोडवरचा लॅम्बडा लिहून द्या, म्हणजे ती गाडी उद्या शेवगावला उघडली काय किंवा संगमनेरला, तिथल्या मिस्त्रीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.